‘बे’ काढल्यावर काय उरते?

आठवीच्या वर्गाची इंग्रजीची घटक चाचणी होती. विरुद्धार्थी शब्द लिहा, असा पाच गुणांचा प्रश्न मी स्वतःच काढला होता. ऑनेस्ट, पोलाइट, केअरलेस, यूसलेस हे चार सोपे शब्द घेतले आणि पाचवा जरा डोके खाजवायला लावणारा म्हणून ‘रूथलेस’ घेतला. रूथलेस म्हणजे निर्दय, आमच्या उर्दूत बेरहम. मुलांनी त्यापुढे ‘काइंड’ किंवा ‘मर्सिफुल’ लिहावे, अशी माझी अपेक्षा होती. निम्म्या मुलांनी जागा कोरी सोडली. एका मुलीने लिहिले, ‘रूथफुल’. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मोठा होता, रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. मी लाल शाईने फुली मारली आणि पुढच्या पेपरकडे वळलो.

दुसऱ्या दिवशी पेपर वाटले. ती मुलगी एरवी फार बोलणारी नव्हे, पण त्या दिवशी पेपर हातात धरून टेबलापाशी आली.

“सर, यूसलेस का उलटा यूसफुल, केअरलेस का केअरफुल. फिर रूथलेस का रूथफुल क्यूं नहीं?”

“ऐसा लफ्ज इंग्लिश में है ही नहीं,” मी म्हणालो.

ती जागेवर गेली, पण बसली नाही. तिथूनच म्हणाली, “पर सर, लेस मतलब बगैर. तो रूथलेस में किस चीज के बगैर?”

वर्ग हसला. मीही हसलो. माझ्याकडे उत्तर नव्हते आणि उत्तर नसले की शिक्षक जे करतो तेच मी केले. “बेवकूफ, बैठ जाओ,” असे म्हणालो. रागाने नव्हे, आपण घरात लहान भावंडांना म्हणतो तसे. ती बसली. तास संपला.

घरी आल्यावर मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना. रूथलेस म्हणजे कशाशिवाय? मी दहा-बारा वर्षे इंग्रजी शिकवतो आहे. बी.एड.च्या वर्षी उपसर्ग आणि प्रत्यय यांवर सराव पाठ घेतला होता, टाचणावर चांगला शेराही मिळाला होता. तरी हा साधा प्रश्न मला कधी पडला नव्हता. जाडजूड इंग्रजी शब्दकोश काढला आणि पाहतो तर ‘रूथ’ हा शब्द तिथे होता. पुढे लिहिले होते : दया, करुणा, दुसऱ्याचे दुःख पाहून होणारी कालवाकालव. आणि शेजारी, जुना शब्द. त्याच्या खाली ‘रूथफुल’ही होता. मुलगी बरोबर होती. चूक माझी होती.

मग मी त्या शब्दाच्या मागेच लागलो. इंग्रजीत रूथ हा शब्द इसवी सन १२००च्या सुमारास दिसू लागतो. तो ‘रू’ या क्रियापदापासून झाला. रू म्हणजे हळहळणे, पस्तावणे, आणि हे क्रियापद आजही इंग्रजीत आहे. चौदाव्या शतकात चॉसरच्या काव्यात रूथ पुन्हा पुन्हा येतो. १६३७ साली मिल्टनने आपल्या बुडून गेलेल्या मित्रावर जी विलापिका लिहिली, त्या ‘लिसिडस’मध्येही तो आहे. त्यानंतर मात्र तो विरळ होत गेला. कवितेत कुठे कुठे उरला, बोलण्यातून गेला. बायबलमधल्या रूथ या स्त्रीच्या नावाशी त्याचा संबंध नाही, ते नाव हिब्रू आहे. रूथ गेली, पण रूथलेस राहिला, आणि तो असा ठणठणीत राहिला की वर्तमानपत्र उघडले तर रोज भेटतो.

असा हा एकटाच शब्द नाही. ‘रेकलेस’ म्हणजे बेपर्वा. यातला ‘रेक’ म्हणजे पर्वा, काळजी. शेक्सपिअरच्या काळी तो बोलला जात होता, आज कोणी म्हणत नाही. ‘अनकेम्प्ट’ म्हणजे विस्कटलेला, गबाळा. यातला ‘केम्प्ट’ म्हणजे विंचरलेला. केस विंचरणे यासाठी जुन्या इंग्रजीत जे क्रियापद होते त्याचे हे रूप. ‘फेकलेस’ म्हणजे ज्याच्या हातून काही होत नाही असा, निष्प्रभ माणूस. हा शब्द स्कॉटलंडकडचा. ‘इफेक्ट’ शब्द छाटून तिथल्या लोकांनी ‘फेक’ केला, त्याला ‘लेस’ लागला, आणि हा नकार तेवढा साऱ्या इंग्रजीत पसरला. ‘हॅपलेस’ म्हणजे अभागी. ‘हॅप’ म्हणजे नशीब. आज ‘हॅप’ कोणी वापरत नाही. आणि ‘अनकूथ’ म्हणजे रानटी, असंस्कृत. त्यातल्या ‘कूथ’बद्दल थोडे नंतर बोलतो, कारण तो शब्द मला सर्वांत जास्त टोचला.

ही यादी हाती लागल्यावर मला कोण आनंद झाला! दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत मी एक छोटेसे प्रवचनच दिले. म्हणालो, बघा या भाषेचे नशीब. दया मेली, निर्दयपणा जिवंत आहे. काळजी मेली, बेपर्वाई जिवंत आहे. माणसाने चांगुलपणाचे नावसुद्धा ठेवले नाही आणि वाईटाचे मात्र जपून ठेवले. यावरून काय ते समजा.

आमच्याकडे विज्ञान शिकवणारे एक ज्येष्ठ सर आहेत. ते डबा खाता खाता ऐकत होते. त्यांनी शांतपणे विचारले, “आणि मर्सी? पिटी? कम्पॅशन? हे शब्द कुठे गेले?”

मी गप्प झालो. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि पुढच्या दोन-तीन शतकांत फ्रेंच शब्दांचा लोंढा इंग्रजीत आला. मर्सी, पिटी, कम्पॅशन हे सगळे त्या वाटेने आले. दया या एका गोष्टीला तीन-तीन नवी नावे मिळाली, तेव्हा जुन्या घरच्या नावाची गरज कमी कमी होत गेली. दया मेली नाही, तिने कपडे बदलले. सर पुढे म्हणाले, “शब्द मेला म्हणून गोष्ट मेली असे असते तर आपल्या आजीच्या वेळची किती भांडी आज नावानिशी विसरलो, म्हणजे काय आपण जेवायचे थांबलो?”

त्यांचे म्हणणे खरे होते. शिवाय माझी यादी एकतर्फीही होती. इंग्रजीत ‘इनोसंट’ आहे. हा मूळ लॅटिन. त्याचा अर्थ ‘जो इजा करत नाही तो’. त्याचा होकारार्थी जोडीदार ‘नोसंट’, म्हणजे इजा करणारा, अपराधी, हा एके काळी इंग्रजीत होता आणि आता जवळजवळ गेला. ‘इम्पेकेबल’ म्हणजे ज्याच्यात चूक काढता येत नाही असा. मुळात ज्याच्या हातून पाप होऊ शकत नाही तो. ‘इमॅक्युलेट’ म्हणजे ज्याच्यावर डाग नाही असा. या ठिकाणी नकारानेच चांगुलपणा जपला आहे आणि जे हरवले ते वाईटाचे नाव आहे. म्हणजे भाषा काही खास वाईटाच्या बाजूची नाही. आणि काही शब्द तर निव्वळ फसवे असतात. ‘डिसग्रंटल्ड’ म्हणजे नाराज, असंतुष्ट. वाटते की ‘ग्रंटल्ड’ म्हणजे खूश असेल. पण ग्रंटल म्हणजे कुरकुरणे, आणि त्या शब्दातला ‘डिस’ नकारासाठी नाही, जोर देण्यासाठी आहे. पी. जी. वुडहाउस या विनोदी लेखकाने १९३८ सालच्या ‘द कोड ऑफ द वूस्टर्स’ या कादंबरीत ‘ग्रंटल्ड’ हा शब्द खूश या अर्थाने वापरून लोकांना हसवले, तेव्हापासून तो गमतीत वापरला जातो.

माझे प्रवचन असे पहिल्याच दिवशी कोसळले. पण प्रश्न कोसळला नाही. मुलीचा प्रश्न तसाच उभा होता. भाषा वाईटाच्या बाजूची नसेल, तरी इतक्या शब्दांत नकार टिकतो आणि होकार गळतो, हे का होते?

मला वाटते, याचे उत्तर साधे आहे. जे जागच्या जागी असते त्याला कोणी नाव घेऊन हाक मारत नाही. मुलगा केस विंचरून वर्गात आला तर कोणता शिक्षक म्हणतो, वा, आज तू विंचरलेला आहेस? विस्कटलेला आला की मात्र आपण लगेच बोलतो. रोज वापरात राहणारा शब्द टिकतो. विंचरलेल्याला शब्द लागत नाही म्हणून केम्प्ट पडून राहिला, विस्कटलेल्याला रोज लागतो म्हणून अनकेम्प्ट टिकला. ‘रेक’ची तर आणखी गंमत आहे. तो जिवंत होता तेव्हाही लोक तो बहुतेक नकारातच वापरत : मला त्याची पर्वा नाही, तो कशाची पर्वा करत नाही. आपल्या मराठीत ‘पर्वा’ आणि ‘तमा’ यांची आज तीच अवस्था आहे. ‘मला तुझी पर्वा आहे’ असे म्हणणारा माणूस क्वचित भेटतो. ‘मला तमा आहे’ असे तर मी अजून ऐकलेले नाही. ‘जिवाची तमा न बाळगता’ एवढेच ऐकतो. उद्या हे दोन शब्द मराठीतून गेले तर ‘बेपर्वा’ मागे राहील, आणि एखादी मुलगी तिच्या सरांना विचारेल, बेपर्वा म्हणजे कशाशिवाय?

मराठीकडे वळलोच आहे तर सांगतो, असे एकटे पडलेले शब्द आपल्या घरातही पुष्कळ आहेत. वर्तमानपत्रात ‘निर्घृण हत्या’ असे वाचतो. यातल्या घृणेचा अर्थ आज आपण किळस, तिटकारा असा करतो. मग निर्घृण म्हणजे ज्याला किळस नाही असा, म्हणजे चांगलाच माणूस की! पण संस्कृतात घृणा या शब्दाचा एक अर्थ कळवळा, दया असा होता. निर्घृण म्हणजे ज्याला कळवळा नाही तो. थेट रूथलेस. तिकडे रूथ वापरातून गेली; इकडे घृणा राहिली, पण मन बदलून राहिली. ‘निरागस’ हा किती गोड शब्द! त्यातला ‘आगस’ म्हणजे पाप, अपराध. तो मराठीत कोणाला माहीत नाही, आणि माहीत नाही तेच बरे. ‘निर्व्याज प्रेम’ म्हटले की आमच्यासारख्यांना आधी वाटते, हे बिनव्याजी असणार, म्हणजे हलाल आहे! पण व्याज म्हणजे मुळात कपट, बहाणा. आणि ‘बेचिराख’? गाव बेचिराख झाले असे आपण सहज लिहितो. चिराग म्हणजे दिवा. ज्या गावात एकही दिवा लागत नाही ते बेचिराख. दिवा लागत होता तेव्हा त्या गावाला ‘चिराखी’ कोणी म्हटले नाही. विझल्यावर नाव मिळाले.

इथपर्यंत सगळे शब्दांचे कोडे होते, मनाला गंमत वाटत होती. पण मग मी ‘अनकूथ’पाशी आलो.

कूथ म्हणजे जुन्या इंग्रजीत ‘ओळखीचा, माहीत असलेला’. ‘किथ अँड किन’ या जोडशब्दातला किथ, म्हणजे ओळखीपाळखीचे लोक, तो याच घराण्यातला. तेव्हा अनकूथ म्हणजे फक्त ‘अनोळखी’. त्यात काही वाईट नव्हते. पुढे अर्थ झाला ‘विचित्र’. त्यापुढे ‘ओबडधोबड’. आणि शेवटी ‘असंस्कृत, रानटी’. काही शतकांचा हा प्रवास. जो माहीत नाही तो आधी विचित्र वाटतो, मग तो गावंढळ वाटतो, मग तो आपल्यापेक्षा कमी ठरतो. त्या माणसाने मधल्या काळात काही केलेले नसते. तो फक्त आपल्या ओळखीचा नसतो.

हे वाचले आणि मला आपला ‘गैर’ आठवला. अरबीत गैर म्हणजे दुसरा, वेगळा. उर्दूत गैर म्हणजे परका, आपल्यातला नसलेला. आणि मराठीत? ‘हे वागणे गैर आहे’, ‘त्यात गैर ते काय?’ मराठीत गैर म्हणजे चूक, अयोग्य. अरबस्तानातून निघालेला ‘दुसरा’ महाराष्ट्रात पोचेपर्यंत ‘चुकीचा’ झाला. इंग्लंडमध्ये अनकूथचे जे झाले तेच. या दोन भाषांनी एकमेकींना विचारून हे केलेले नाही. याचा अर्थ हा दोष इंग्रजांचा नाही, मराठी माणसाचा नाही, कोणा एका जमातीचा नाही. हा माणसाच्या मनाचा उतार आहे आणि पाणी उताराने जाते. आपणही त्याच उतारावर राहतो. आमच्या मोहल्ल्यात नवे भाडेकरू कुटुंब आले, त्यांची बोली वेगळी, खाणे वेगळे, तर आठवड्याच्या आत ‘अजीब लोग हैं’ सुरू होते आणि महिन्यात ‘तमीज नहीं’ ठरते. आपल्याला कोणी न ओळखता गैर ठरवले की आपण कळवळतो. आपण कितीजणांना ठरवतो याचा हिशेब ठेवत नाही.

आता मला जे खरे सांगायचे आहे ते सांगतो.

पाच-सहा वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. अभ्यासात मागे. फळ्यावरचे उतरवायला त्याला सगळ्यांपेक्षा दुप्पट वेळ लागे. प्रश्न विचारला की उत्तर द्यायच्या आधी तो थांबे, इतका वेळ थांबे की मी पुढच्याला उभे करत असे. त्यालाही मी बेवकूफ म्हणत असे. त्याच लाडाच्या, त्याच सवयीच्या सुरात. नववीनंतर तो शाळेत आला नाही. मागच्या पावसाळ्यात माझी स्कूटर बंद पडली, ढकलत एका गॅरेजवर नेली, तर तो तिथे. त्याने सलाम केला, स्टूल पुसून दिले. मग स्कूटर चालू करण्याचा प्रयत्न करून तो नुसता उभा राहिला. आवाज ऐकत होता. पुन्हा एकदा प्रयत्न केला, पुन्हा थांबला. मग बरोबर एका ठिकाणी हात घातला. दहा मिनिटांत गाडी सुरू झाली. मी म्हणालो, “तुला तर चांगलेच कळते रे.” तो हसून शेजारच्या पोराला म्हणाला, “सर के क्लास में मैं एक नंबर का बेवकूफ था.”

तो तक्रार करत नव्हता. जणू आपला हजेरी क्रमांक सांगत होता, इतक्या सहजपणे त्याने ते सांगितले. मी दिलेला शब्द त्याने इतकी वर्षे जपून ठेवला होता. मी त्याला काहीतरी म्हणायला तोंड उघडले. पण काय म्हणणार? बेवकूफचा उलटा शब्द काय? ‘वकूफ’? ‘बावकूफ’? रोजच्या उर्दूत असे कोणी बोलत नाही. माझ्या तोंडात त्याला द्यायला शब्दच नव्हता. पैसे दिले आणि निघालो.

आठवीतल्या मुलीने विचारले त्या रात्री मी रूथलेसबरोबर बेवकूफही शोधला. मूळ अरबी शब्द ‘वुकूफ’. त्याचे दोन अर्थ. एक, जाण असणे, माहिती असणे. दुसरा, आणि तोच मुळातला, थांबणे, उभे राहणे. हा दुसरा अर्थ आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे, कारण हजच्या दिवसांत ‘वुकूफ-ए-अरफात’ हा शब्द प्रत्येक घरात उच्चारला जातो. नऊ जिल्हजला अरफातच्या मैदानात थांबायचे, उभे राहायचे. तो वुकूफ आणि बेवकूफमधला वकूफ एकच. थांबणे आणि जाणणे यांना अरबीने एक शब्द दिला. मी त्यातून माझ्यापुरता असा अर्थ घेतला, की जो थांबत नाही त्याला कळत नाही.

मग बेवकूफ कोण होता? उत्तर द्यायच्या आधी थांबणारा तो मुलगा, की त्याच्यासमोर दहा सेकंदही न थांबणारा मी? रूथफुल लिहिणारी मुलगी, की फुली मारून पुढच्या पेपरकडे वळणारा तिचा सर?

आणखी एक गोष्ट त्या रात्री सापडली, तिने मला थोडा धीर दिला. उर्दू बोलण्यातून जो अर्धा शब्द हरवला तो मराठीत आहे. ‘आपापल्या वकुबाप्रमाणे’ असे मराठीत म्हणतात. वकूब म्हणजे कुवत, समज. तो हाच वुकूफ. आणि ‘वाकबगार’, म्हणजे आपल्या कामात तरबेज, तो त्याच धातूतल्या ‘वाकिफ’पासून आलेला. मी उर्दूत शोधत होतो, शब्द शेजारच्या घरात सुखरूप होता. मागच्या अंगणातून पलीकडे जाऊन नांदत होता. इंग्रजीतही असेच होते. ‘हॅप’ गेला म्हणतो, पण ‘हॅपी’ त्याच्याच पोटचा आहे, ‘परहॅप्स’ही. रूथ गेली, पण रू आहे. होकार सहसा पुरता मरत नाही. तो दुसऱ्या नावाने कुठेतरी राहतो. त्याला शोधून आणावे लागते एवढेच. नकार मात्र न शोधता जिभेवर हजर असतो.

शिक्षक म्हणून मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. भाषेला चालते. भाषेने रूथ टाकला तरी मर्सी आणून तिने आपले काम भागवले, तिच्यापाशी शतके असतात. मुलापाशी शतके नसतात. त्याच्यापाशी आठवी, नववी, दहावी असते. आपण त्याच्या विस्कटलेपणाला नाव दिले आणि विंचरलेपणाला दिले नाही, तर त्याला स्वतःबद्दल सांगायला एकच शब्द उरतो, आणि तो तेवढाच घेऊन निघून जातो.

त्या आठवड्यात मी माझी नोंदवही काढली आणि मी मुलांबद्दल केलेल्या नोंदी वाचल्या. निष्काळजी. बेशिस्त. अनियमित. अबोल. गैरहजर. वाचता वाचता माझ्या लक्षात आले, की जवळजवळ प्रत्येक शब्दाच्या आधी अ, नि, बे, गैर काही ना काही लागलेले आहे. हे शब्द खोटे नव्हते. जो मुलगा महिन्यातून आठ दिवस येत नाही त्याला नियमित लिहिणे हा लबाडपणा झाला असता, आणि खोट्या कौतुकाने कोणाचेही भले होत नाही. पण तोच मुलगा उरलेले दिवस येत होता. पावसात, दोन किलोमीटर चालत येत होता. त्याची नोंद हजेरीपत्रकात एका लहानशा खुणेने झाली होती आणि माझ्या वहीत मुळीच झाली नव्हती. त्याच्याकडे काही नव्हते असे नाही. माझ्याकडे शब्द नव्हता, कारण मी तो शोधायला थांबलो नव्हतो.

आता मी एक नियम केला आहे. मोठा काही नाही. नकाराचा शेरा लिहिण्याआधी त्या मुलाबद्दल एक तरी वाक्य असे लिहायचे, की ज्यात अ, नि, बे, ना, गैर यातले काही नसेल. सुरुवातीला फार जड गेले. एकेका मुलापाशी पेन धरून बसावे लागले. काही मुलांसाठी तर दोन-दोन दिवस त्यांच्याकडे पाहत राहावे लागले, तेव्हा कुठे वाक्य सुचले. ‘वर्गातल्या खिडक्या रोज न सांगता बंद करतो.’ पाहा, यातही एक ‘न’ आलाच! सवय लवकर जात नाही.

त्या मुलीचे सांगायचे राहिले. मी दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो, तिला पेपर आणायला सांगितले आणि फुलीवर बरोबरची खूण करून गुण वाढवला. सगळ्या वर्गासमोर सांगितले की रूथ हा शब्द होता, रूथफुलही होता, आणि काल मी चुकलो. बेवकूफ म्हणालो तेही चुकलो, असेही म्हणालो. वर्ग पुन्हा हसला, पण या वेळी हसणे वेगळे होते. तिने पेपर घडी करून दप्तरात ठेवला आणि विचारले, “सर, वो लफ्ज वापस आ सकता है क्या?”

मी तिला खरे ते सांगितले. कूथ हा शब्द शेकडो वर्षे पडून होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोणीतरी तो पुन्हा वापरला, गमतीने, सभ्य या अर्थाने, आणि आज तो शब्दकोशात आहे. केम्प्टही अधूनमधून दिसतो. शब्द परत येतात, पण आपोआप येत नाहीत. कोणाला तरी ते तोंडातून काढावे लागतात.

गॅरेज माझ्या घरापासून फार लांब नाही. स्कूटर सध्या ठीक चालते आहे. तरी या रविवारी मी तिकडे जाणार आहे. ‘वाकबगार’ हा मराठी शब्द त्या मुलाला कळेल की नाही, माहीत नाही. न कळला तर अर्थ सांगेन. तेवढा वेळ थांबेन.